नव्या फोरके मॉनिटरवर अनुस्वार दिसेनात. ठेवू की परत करू?

प्रूफवाली_धंतोली
नमस्कार मंडळी. मी ११ वर्षं घरूनच मराठी पुस्तकांची प्रुफं वाचते, पानंही लावून देते. मे महिन्यात माझा २२ इंची फुल एचडी मॉनिटर गेला. दुपारभर लाईट येत-जात होती, त्यातच तो बसला. म्हणून नागपूरच्या बर्डीवरून २७ इंची फोरके आणला, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांचा. दुकानदार म्हणाला, अक्षर छापल्यासारखं दिसेल. शुक्रवारपर्यंत बदलून मिळेल असंही म्हणाला, म्हणून घाईनं विचारते आहे.

ब्राउझरमधली अक्षरं खरंच सुंदर दिसतात. पण पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर, पेजमेकर, उघडलं की सगळ्या पानावर धूर पसरल्यासारखं दिसतं. शिरोरेषा काळी दिसायच्या ऐवजी राखाडी आणि जाड, आणि अनुस्वार असून नसल्यासारखे. खिडकी ओढून लॅपटॉपच्या पडद्यावर नेली की मध्येच तिचा आकार बदलतो, परत आणली की पुन्हा बदलतो.

परवा रामटेककडच्या एका देवस्थानाची स्मरणिका वाचली. मजकुरात 'देवळापुढे नदी आहे' असं पडलं होतं, हवं होतं 'नंदी'. पडद्यावर सगळेच अनुस्वार पुसट, त्यामुळे आठ दिवसांत मला ते मनानंच भरून घ्यायची सवय लागली होती. जिथे नव्हता तिथेही मी तो धरून घेतला. तिथल्या गुरुजींचा फोन आला, "ताई, आमच्या गावात तळंसुद्धा नाही जी." प्रती छापायच्या आधी कळलं म्हणून वाचले. तेव्हापासून झोप नीट नाही. दोष मॉनिटरचा आहे की सेटिंगचा?

तर्रीपोहे
ताई, परत नेऊ नका इतक्यात. दोन्ही पडद्यांवर स्केल, म्हणजे सगळं किती मोठं दाखवायचं ते माप, किती टक्के आहे ते सांगा आधी.

प्रूफवाली_धंतोली
लॅपटॉप १५.६ इंची फुल एचडी, त्यावर १२५ टक्के. नव्यावर १५०. मी काही निवडलं नाही, जोडल्यावर आपोआप तेच आलं. विंडोज ११ आहे. मुख्य पडदा लॅपटॉपचा.

शून्यमैल
मॉनिटर निर्दोष आहे. थोडं लांबण लावून सांगतो, कारण हे एकदा कळलं की पुढं कधी अडणार नाही.

पडद्याच्या एका इंचात किती ठिपके बसतात ते पाहा. तुमच्या जुन्या २२ इंची फुल एचडीवर साधारण १००. लॅपटॉपवर १४१. नव्यावर १६३. विंडोजचा मूळ हिशेब इंचाला ९६ ठिपक्यांचा आहे, त्यालाच १०० टक्के म्हणायचं. जुना मॉनिटर त्या हिशेबाला जवळपास तंतोतंत बसत होता. तिथे कुणालाच काही ताणावं लागत नव्हतं.

नव्यावर १०० टक्के ठेवलं तर अक्षर मुंगीएवढं होईल, म्हणून १५०. आता प्रश्न असा की मोठं कुणी करायचं? नवीन सॉफ्टवेअर विचारतं, "मी कुठल्या पडद्यावर आहे?" आणि तिथल्या मापानं अक्षर नव्यानं काढतं. तुमचा ब्राउझर हेच करतो. काही सॉफ्टवेअर मात्र साइन इन करताना मुख्य पडद्याचं जे माप असेल तेवढंच धरून बसतात. दुसऱ्या पडद्यावर गेले की विंडोज त्यांचं तयार चित्र ताणतं किंवा आवळतं. आणि अगदी जुन्यांना यातलं काहीच माहीत नसतं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७.०, २००१ सालची. प्रत्येक पडद्याचं वेगळं माप ही सोय विंडोजमध्ये आली २०१३ च्या ८.१ मध्ये. तेव्हा पेजमेकर ९६ च्या हिशेबानं पान काढतं आणि विंडोज ते फोटोसारखं दीडपट ओढतं. तुम्हाला दिसतो तो धूर त्या ओढण्याचा आहे.

आता आपल्या लिपीचं. एक ठिपका जाडीची शिरोरेषा दीडपट केली की दीड ठिपका होते. अर्धा ठिपका पडद्यावर काढता येत नाही, म्हणून एक काळा आणि शेजारचा राखाडी. रोमन अक्षरं सुटी असतात, तिथे हा राखाडीपणा विखुरला जातो. आपली रेघ शब्दभर सलग चालते, त्यामुळे पूर्ण ओळच मळकट वाटते. अनुस्वार तर मुळात दोन-तीन ठिपक्यांचा जीव. त्याच्या कडा पसरल्या की मधला काळा उरतोच किती?

संत्रागल्ली
अनुच्चारित अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढले, उरलेले या मॉनिटरनं काढायला घेतले म्हणायचे! 😄

खिळेजुळारी
मी महाल भागातल्या एका छापखान्यात ३४ वर्षं कंपोझिटर होतो, शिशाचे खिळे जुळवायचो. पोट्टे हसतील, पण ताईंचा त्रास मला नवा नाही. खिळ्याच्या वर आलेला अनुस्वाराचा भाग नाजूक असायचा, मशीनच्या दाबाखाली मोडायचा. पहिल्या शंभर प्रतींत 'वंश' आणि पुढच्या प्रतींत 'वश'. म्हणून आमचे फोरमन मधली-मधली प्रत उचलून खिडकीपाशी नेऊन भिंगाखाली धरायचे. मशीन चालू असताना धावत जायचे.

माझं म्हणणं, प्रूफ कागदावरच वाचावं. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं प्रुफावर बोट ठेवायचं. अनुस्वार कानाला ऐकू येतो. 'नदी' आणि 'नंदी' यांत कान चुकत नाही.

प्रूफवाली_धंतोली
काका, मोठ्यानं वाचायची गोष्ट पटली. पण कागद आता कुणी देत नाही. लेखक रात्री ११ वाजता पीडीएफ पाठवतात आणि सकाळी दुरुस्त्या मागतात. ३०० पानांचं पुस्तक तीन वेळा छापून वाचायचं तर माझे निम्मे पैसे कागदातच जातील.

हडपसरवाला
मी उलट सांगतो. परत करा आणि २७ इंचीच पण २५६० बाय १४४० चा घ्या. इंचाला १०९ ठिपके, १०० टक्क्यांवर ठेवा, जुनी सॉफ्टवेअर न ताणता चालतील. तुमच्या जुन्या मॉनिटरसारखंच, फक्त जागा जास्त. आमच्या ऑफिसात पानं लावणाऱ्या सगळ्यांकडं हेच आहेत. फोरकेचा हट्ट कशाला?

शून्यमैल
@हडपसरवाला, तुमचा सल्ला चुकीचा नाही. फक्त जुन्याच सॉफ्टवेअरवर काम असेल तर मीही हेच सांगितलं असतं. पण ताई निम्मा वेळ पीडीएफ वाचतात, आणि तिथे १६३ चा फायदा खरा आहे. 'र्‍या', 'द्ध', 'ङ्म' असली जोडाक्षरं १०९ वर एकमेकांत मिसळतात, १६३ वर सुटी दिसतात. प्रूफवाल्या माणसाला हे सोडायला मी सांगणार नाही.

हडपसरवाला
पीडीएफ मोठी करून वाचली तर १०९ वरही सुटी दिसतात. असो, ज्याची त्याची नजर.

वेलँडवाला
मी लिनक्सवर आहे, आमच्याकडंही हे दुखणं होतं. पडद्यावर खिडक्या मांडणाऱ्या जुन्या एक्स११ मध्ये सगळे पडदे मिळून एकच मोठं अंगण धरायचे, त्याला एकच माप. लॅपटॉपला बरं केलं की मॉनिटर बिघडायचा. त्याच्या जागी वेलँड आल्यावर प्रत्येक पडद्याला वेगळं माप देता आलं, पण सुरुवातीला पूर्णांकातच: एकपट नाहीतर दुप्पट. सव्वापट, दीडपट हवं तर आधी दुप्पट काढून मग आवळायचं. सॉफ्टवेअरला थेट 'सव्वापट काढ' असं सांगायची रीत २०२२ च्या शेवटी ठरली, केडीई प्लाझ्मा या लिनक्स डेस्कटॉपच्या ५.२७ मध्ये फेब्रुवारी २०२३ ला आली. आता माझ्याकडं मराठी विकिपीडिया दोन्ही पडद्यांवर एकसारखा स्वच्छ दिसतो. जे एक्स११ वरच अडकलेत ते अजून पुसट, हे मान्य.

तर्रीपोहे
भाऊ, ताईंना पेजमेकर पाहिजे अन् तुम्ही काहून लिनक्स शिकवून राहिले 😀

वेलँडवाला
बरोबर आहे भाऊ. पण दुखणं एकच आहे, म्हणून सांगितलं.

मिहानकर
मॅकवाल्यांसाठीही लिहून ठेवतो, पुढं कुणी शोधत येईल. मॅक दीडपट करत नाही. आधी दुप्पट काढतो, मग पडद्याच्या मापात आवळतो. २७ इंची फोरकेवर '२५६० बाय १४४० सारखं दिसू दे' असं निवडलं की आत ५१२० बाय २८८० चं चित्र तयार होतं आणि ते ३८४० बाय २१६० मध्ये बसवलं जातं. ताणण्यापेक्षा आवळणं डोळ्याला बरं. मात्र हडपसरवाल्यांचा १४४० चा मॉनिटर मॅकला लावला तर अक्षरं बारीक आणि किरकोळ वाटतात, कारण २०१८ च्या मोहावे आवृत्तीपासून मॅकनं उपपिक्सेलचं (ठिपक्यातल्या लाल-हिरव्या-निळ्या पट्ट्यांनी अक्षराच्या कडा घासायचं) गुळगुळीतपण बंद केलं. म्हणजे जो मॉनिटर विंडोजला सोयीचा तोच मॅकला गैरसोयीचा. घेण्याआधी आपली मशीन कोणती ते पाहा.

चष्माचौक
मी चष्म्याचं काम करते. ताई, प्रोग्रेसिव्ह चष्मा आहे का? असेल तर एक पाहा. त्यात जवळचं वाचायचा भाग काचेच्या खाली असतो. लॅपटॉप खाली असतो म्हणून नजर आपोआप त्या भागातून जाते. २७ इंची मॉनिटरचा वरचा निम्मा भाग डोळ्यासमोर किंवा त्याहून वर येतो, तिथे लांबचा नंबर असतो. मग माणूस मान मागे टाकून वाचतो. दिवसाअखेर मान दुखते आणि वाटतं पडदाच धूसर आहे. मॉनिटर खाली करा, वरची कड डोळ्यांच्या रेषेच्या जरा खाली. रोज सहा-सात तास वाचत असाल तर फक्त पडद्याच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणं सोयीचं पडतं.

प्रूफवाली_धंतोली
चष्माचौक ताई, प्रोग्रेसिव्हच आहे! आणि मान दुखते आहे, ती मी कूलरच्या वाऱ्यावर ढकलत होते. आजच स्टँड उतरवते. पण ब्राउझर स्वच्छ आणि पेजमेकर धूसर हा फरक तरीही आहेच, तोच चष्मा, तेच अंतर.

सक्करदराकर
माझंही घ्या यात. मी ४३ इंची फोरके टीव्हीच मॉनिटर म्हणून लावला. लाल अक्षरं अशी पसरायची की दुरुस्तीच्या लाल खुणा वाचवत नव्हत्या. कारण केबलमधून रंगांची माहिती कमी करून येत होती, उजेड-अंधार पूर्ण आणि रंग अर्धवट. टीव्हीत त्या एचडीएमआय खाचेला 'पीसी' असं नाव दिलं आणि चित्र कडक करायची पट्टी शून्यावर आणली, तेव्हा कुठे सुधारलं. ताई, तुमची केबल नवीन आहे की जुनीच लावली?

प्रूफवाली_धंतोली
जुन्या मॉनिटरचीच. माऊस थोडा अडखळत चालतो, ते वयामुळे वाटलं मला. माऊसच्या वयामुळे.

शून्यमैल
ते तपासाच. एचडीएमआय १.४ ची जोडणी फोरके चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवते, ६० साठी २.० लागतं. डिस्प्ले, ॲडव्हान्स्ड डिस्प्ले मध्ये रिफ्रेश रेट पाहा. ३० असेल तर केबल बदला. तरी ३०च राहिलं तर लॅपटॉपची खाचच जुनी आहे, मग टाइप-सी मधून डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरची दुसरी जोडणी) निघतो का ते बघू.

आता मूळ दुखण्याकडं. तीन गोष्टी करा, याच क्रमानं.

पहिली, मॉनिटर मुख्य पडदा करा आणि दोन्हीकडं १५० टक्के ठेवा. १४१ आणि १६३ फार लांब नाहीत, लॅपटॉपवर सगळं मॉनिटरपेक्षा सहाव्या-सातव्या हिश्शानं मोठं दिसेल, एवढंच. टक्के सारखे असले की खिडकी ओढताना आकार बदलायचं कारणच उरत नाही. मग साइन आऊट करून पुन्हा साइन इन करा. हे विसरू नका, बरीच सॉफ्टवेअर माप तेव्हाच वाचतात.

दुसरी, पेजमेकरच्या आयकॉनवर उजवं बटण, प्रॉपर्टीज, कंपॅटिबिलिटी, चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज. तिथे सगळ्यात खालच्या चौकटीत टिचकी देऊन 'सिस्टीम एन्हान्स्ड' निवडा. जुनं सॉफ्टवेअर जे मजकूर विंडोजकडून काढून घेतं, तो विंडोज ताणायच्या ऐवजी नव्या मापात काढायचा प्रयत्न करतं. सगळीकडं चालत नाही. जे सॉफ्टवेअर आधी स्वतःशी सगळं पान रंगवून मग पडद्यावर टाकतं तिथे फरक पडत नाही.

तिसरी, दुसरीनं जमलं नाही तर त्याच जागी 'ॲप्लिकेशन' निवडा. म्हणजे विंडोज हात लावणार नाही. मेन्यू बारीक होतील, काही खिडक्यांत बटणं एकमेकांवर चढतील. पण पान तुम्ही पेजमेकरच्या आतूनच २०० टक्के मोठं करू शकता, आणि ते मोठं करणं खऱ्या अक्षराचं असेल, चित्राचं नाही.

खिळेजुळारी
शून्यमैल साहेब, तिसरी गोष्ट मला समजली. अक्षर ताणायचं नाही, मोठ्या पॉइंटाचा खिळा घ्यायचा.

शून्यमैल
काका, अगदी तेच. मला आठशे शब्द लागले.

प्रूफवाली_धंतोली
काल रात्री बसले. जसं झालं तसं सांगते.

रिफ्रेश रेट ३०च होता. शेजारच्या पोरानं त्याच्या मॉनिटरची केबल दिली, ६० झाला. माऊस तरुण झाला.

दोन्हीकडं १५० करून साइन आऊट-इन केलं. खिडक्यांचं लहान-मोठं होणं थांबलं. माझा जुना शब्दकोश धूसर होता तोही स्वच्छ झाला. लॅपटॉपवर जागा कमी वाटते, पण तिथे मी फक्त मेल उघडी ठेवते.

'सिस्टीम एन्हान्स्ड'नं पेजमेकरचे मेन्यू स्वच्छ झाले, पान तसंच राहिलं. मग 'ॲप्लिकेशन' केलं. मेन्यू इतके बारीक की नाक टेकवावं लागतं. पण मला ११ वर्षांत मेन्यूत जायची गरज क्वचितच पडते, हात कीबोर्डवरच असतात. त्याच स्मरणिकेचं पान २०० टक्के करून उघडलं. शिरोरेषा काळी. 'र्‍हास' मधला अर्धा र सुटा. मी तो 'नदी' असलेला शब्द मुद्दाम शोधला आणि वर बघितलं. काही नाही, पांढरं. पुढच्याच ओळीत 'मंडप' होता, त्यावर टपोरा ठिपका. दोन्ही एका नजरेत. इतके दिवस हेच मला दिसत नव्हतं.

तर्रीपोहे
वा ताई! तर्री पोहे लागू आपल्याकडून शून्यमैल भाऊंना.

अंबाझरीकाठ
उशिरा आलो. एक राहिलं: प्रूफवाले बहुतेक मॉनिटर उभा फिरवतात, पूर्ण पान दिसावं म्हणून. ताई, तसं केलं असेल तर क्लिअरटाइप, म्हणजे विंडोजची अक्षरांच्या कडा गुळगुळीत करायची सोय, पुन्हा लावा. ते पडद्याचे लाल-हिरवे-निळे उभे पट्टे एकाशेजारी एक आहेत असं धरून अक्षर घासतं. मॉनिटर फिरवला की पट्टे आडवे होतात आणि वेलांट्यांना रंगीत कडा येतात. स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधा, प्रत्येक पडद्यावर वेगळं लावता येतं. फिरवलेल्या पडद्यावर मी ते बंदच ठेवतो. १६३ वर त्याची उणीव जाणवत नाही.

प्रूफवाली_धंतोली
अजून फिरवला नाही, पण फिरवायचा विचार होता. हे आधी कळलं ते बरं झालं.

आता एकच उरलं. आज दुपारी दोनदा लाईट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, मॉनिटर बंद. सगळ्या खिडक्या लॅपटॉपवर येऊन पडल्या आणि लाईट आल्यावर निम्म्या तिथेच राहिल्या. पेजमेकरची एक तर अर्धी पडद्याबाहेर.

मिहानकर
डिस्प्ले सेटिंगमध्ये 'मल्टिपल डिस्प्लेज' उघडा. 'मॉनिटर जोडणीनुसार खिडक्यांच्या जागा लक्षात ठेव' अशा अर्थाची चौकट आहे, तिथे खूण हवी. पडद्याबाहेर गेलेली खिडकी आणायला ती निवडून विंडोज बटण, शिफ्ट आणि डावा किंवा उजवा बाण.

सक्करदराकर
आणि नागपुरात राहायचं तर मॉनिटर इन्व्हर्टरच्या बोर्डावर घ्या जी. माझ्या टीव्हीलाही तेच केलं. पंखा बंद झाला तरी चालेल, पान हलायला नको.

हडपसरवाला
माझा मॉनिटर परत करायचा सल्ला मी मागे घेतो. मेन्यू न वापरणाऱ्या माणसासाठी 'ॲप्लिकेशन'वालं उत्तर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मेन्यू वापरणाऱ्यांसाठी मात्र १४४० च.

प्रूफवाली_धंतोली
दुकानदाराला फोन करून सांगितलं, मॉनिटर ठेवते. इन्व्हर्टरचा माणूस उद्या येतो आहे.

स्मरणिका पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, खिळेजुळारी काकांनी सांगितलं तसं मुलीला मूळ प्रत मोठ्यानं वाचायला बसवून. आणखी तीन अनुस्वार सापडले, एक रफार. गुरुजींना दुरुस्त पानं पाठवली. त्यांचा निरोप आला: नंदी बसला जागेवर.

खिळेजुळारी
मुलीचा आवाज बसू देऊ नका, तासाला पाणी पाजा. आमच्याकडं वाचणाऱ्याला गूळ मिळायचा.